तीन ड्रमांचं मागणं

सिल्वेरियाबाईच्या पाळीत नाक्यावरून मुंगीसुद्धा तपासल्याशिवाय वर जात नाही, असं लास पकायास गावात सगळेच म्हणत. काही कौतुकानं, बरेचसे वैतागून. नाका म्हणजे तरी काय, रस्त्यावर आडवा टाकलेला एक लाकडी दांडा, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये चूल, कॉफीचं काळंकुट्ट भांडं आणि पाळीवर आलेल्या बायका. खाली हमरस्ता, वर गाव, आणि गावाच्याही वर चांदीची खाण. डोंगराला हात लावण्याआधी खाणवाल्यांनी इथल्या मूळच्या शिन्का जमातीला कायद्यानं विचारायला हवं होतं. ते त्यांनी विचारलं नाही. का नाही, तर म्हणे इथे शिन्का लोक राहतच नाहीत, मग विचारायचं कुणाला? तेव्हापासून हे इथे राहत नसलेले लोक पाळ्या लावून रस्त्यात बसले होते आणि खाणीचं सामान वर जाऊ देत नव्हते.

गुरुवार सिल्वेरियाबाईचा. डोक्याला लाल रुमाल, कमरेवर हात आणि तोंडात एकच शब्द, "उघडा." पाद्रीबाबांच्या जीपमधली मेणबत्त्यांची खोकीसुद्धा तिनं उघडायला लावली. बाबा म्हणाले, अगं, तुझ्या मुलीचा बाप्तिस्मा मी केलाय. "म्हणून तर हळू उघडतेय," ती म्हणाली.

डिझेलच्या ड्रमचा नियमही तिचाच. पूर्वी गावच्या मका दळायच्या गिरणीसाठी ड्रम वर जाऊ द्यायचे. मग गाडीवाला फिदेन्सियो गिरणीच्या नावानं इतके ड्रम वर न्यायला लागला की तेवढ्या डिझेलवर गिरणीनं अख्ख्या देशाचा मका दळला असता. एके दिवशी सिल्वेरियाबाई त्याच्या मागोमाग चालत गेली, तर ड्रम गिरणीसमोरून सरळ खाणीच्या फाटकात. त्या रविवारी ती गावसभेत उभी राहिली आणि म्हणाली की यापुढे ड्रम म्हणजे ड्रम, मग तो कुणाचाही असो, गिरणीचा असो की माझ्या स्वतःच्या मयताचा असो, दांड्याच्या वर जाणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की आता गिरणी बंद पडणार. ती पडली. बायका पुन्हा पाट्यावर आल्या, चुन्यात उकडलेला मका रोज पहाटे वरवंट्यानं वाटायला लागल्या, आणि प्रत्येक वाटणामागे सिल्वेरियाबाईच्या नावानं दोन शब्द खर्च करू लागल्या.

सगळ्यात जास्त शब्द एलोदियाचे. ही तिची शेजारीण, पाळीतली जोडीदारीण आणि लहानपणापासूनची टीकाकार. "तुझा नियम चांगलाच आहे गं," ती म्हणायची, "फक्त तो माझ्या खांद्यात दुखतो." सिल्वेरियाबाईचं स्वतःचं मनगटही सुजून भोपळा झालं होतं, पण ते ती शालीखाली ठेवायची.

तर अशी ही बाई. आणि तिची एकुलती एक मुलगी ओब्दुलिया, एकतीस वर्षांची, आईच्याच वळणावर गेलेली. दोन स्थळं तिनं दारातूनच परत पाठवली होती. एकाला म्हणे हसता येत नव्हतं, दुसऱ्याला थांबता येत नव्हतं. तिसरा मात्र तिला हालापाच्या बाजारात स्वतःच सापडला. मासेदोनियो नाव, डोंगरापलीकडच्या पोकोमाम जमातीचा, कुंभार. त्याच्याकडून तिनं एक मडकं घेतलं, गळतंय म्हणून परत नेलं, दुसरं घेतलं, तेही गळतंय म्हणून परत नेलं. मडकी मुळीच गळत नव्हती, हे आईला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं.

सिल्वेरियाबाईला मुलगा पसंत होता. मनातून तर इतका पसंत की ती रात्री गाढ झोपायला लागली होती. धाक होता तो त्याच्या माणसांचा. पोकोमामांच्या घरात अजून त्यांची भाषा बोलतात, त्यांच्या बायका हातमागाचे कपडे नेसतात. आणि आपल्याकडे काय? भाषा म्हणाल तर पाखरांची, पाल्याची नावं आणि आजीच्या दोन शिव्या. कपडे म्हणाल तर बाजारातले. उद्या त्यांच्यातलं कुणी म्हणालं की ह्या कसल्या शिन्का, तर काय तोंड दाखवायचं? सरकार म्हणतं ते एक वेळ चालेल, पण व्याह्यांनी म्हटलेलं जन्मभर ऐकावं लागतं. म्हणून तिनं ठरवलं होतं की मागणं अगदी रीतसर करून घ्यायचं.

रीत दोन्हीकडची सारखीच. मुलाकडचे तीनदा येतात. पहिल्यांदा न कळवता येतात आणि मुलीकडचे नाही म्हणतात. दुसऱ्यांदा आधीपेक्षा जास्त घेऊन येतात आणि पुन्हा नाही ऐकून जातात. तिसऱ्यांदा हो म्हणायचं. तिसऱ्यांदाही नाही आलं तर मग ते खरं नाही, त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. लास पकायासमध्ये अलीकडे पोरंपोरी मोटरसायकलवरून पळून जाऊन ह्या सगळ्या खेपा वाचवत, त्यामुळे सिल्वेरियाबाईला म्हाताऱ्या मावशीकडे जाऊन नकाराची वाक्यं शिकून यावी लागली. मुलगी अजून लहान आहे. तिला भाकरी भाजता येत नाही. एकतीस वर्षांच्या लहान मुलीनं हे ऐकलं आणि भाकरी उलटताना नुसती मान हलवली.

वाक्यं पाठ झाली, खुर्च्या पुसून झाल्या, आणि पाहुणे आले ते नेमके गुरुवारी, नेमके नाक्यावर.

एक जुनी पिकअप चढण चढून दांड्यापाशी थांबली. मागे कापडानं झाकलेलं सामान. सिल्वेरियाबाई "उघडा" म्हणाली आणि स्वतःच कापड ओढलं. खाली चीजच्या गोड पावाच्या टोपल्या, चॉकलेटच्या वड्या, रंगवलेले दोन रांजण आणि गळ्यात फीत बांधलेला एक टर्की, जो तिच्याकडे रागानं बघत होता. तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ओब्दुलियाच्या मोबाइलमधला चेहरा. शेजारी टोपी घातलेला, वाळक्या शेंगेसारखा एक म्हातारा. नकाराचं पहिलं वाक्य ती आठवायला लागली, तेवढ्यात एलोदियानं मागून दुसरं कापड उचललं आणि म्हणाली, "अगं बाई, हे बघ."

निळा ड्रम, गळ्यात झेंडूची माळ.

सगळ्या बायका गोळा झाल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं की तिनं नियम मोडावा आणि उद्यापासून गिरणी सुरू व्हावी. उरलेल्या निम्म्यांना वाटत होतं की तिनं नियम मोडावा आणि मग आपण तिला जन्मभर ते ऐकवावं. सिल्वेरियाबाईनं पाद्रीला अडवलं होतं, मेयरच्या भावाला अडवलं होतं. आता व्याह्यांचा ड्रम सोडला तर उद्या ह्या दांड्याला कोण विचारणार? मावशीची सगळी वाक्यं डोक्यातून उडून गेली.

"हे वर जाणार नाही," ती म्हणाली.

म्हातारा खाली उतरला. हा सेरापियोबाबा, मासेदोनियोच्या आजोबांचा भाऊ, आणि त्यांच्या गावात कुणाचंही मागणं घालायचं तर तोच पुढे. "नाही?" त्यानं विचारलं.

"नाही. आलात तसं घेऊन जा."

ड्रम इथेच राहू द्या आणि तुम्ही वर चला, हे ती पुढे म्हणणार होती. पण म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली, कमरेत वाकला, तोंडभर हसला, फार छान म्हणाला, आणि पिकअप उलटी फिरलीसुद्धा. मासेदोनियोनं जाता जाता हात हलवला. टर्की शेवटपर्यंत तिच्याकडेच बघत होता.

घरी ओब्दुलिया भाकऱ्या थापत होती, आणि थापण्याचा आवाज तीन घरं पलीकडे जात होता. मग म्हणाली, "तुझ्या मनगटासाठी आणला होता त्यांनी. मीच बोलून गेले होते की पाट्यानं आईचा हात गेला." सिल्वेरियाबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग काढायला समोर फक्त मका होता.

दोन दिवसांनी मासेदोनियोचा फोन आला. ओब्दुलिया अंगणात जाऊन बोलली आणि परत आली ती तोंडावर हात दाबून. म्हणाली, सेरापियोबाबा गावभर सांगत फिरतोय. काय सांगतोय, तर म्हणे आपल्याकडे नाही म्हणतात ते खुर्चीत बसून, चॉकलेट पिता पिता. ह्यात काय मोठं? त्या शिन्कांच्यात बघा. रस्त्यात दांडा आडवा, अख्खं गाव साक्षीला उभं, मुलीची आई समोर, आणि एका शब्दात नाही. लहान आहे, भाकरी येत नाही, असली मिळमिळीत बात नाही. चाळीस वर्षं मी मागणी घालतोय, पण असा नकार पाहिला नाही. ही जुनी माणसं आहेत बाबांनो, ह्यांनी रीत जपलीय.

सिल्वेरियाबाई पाट्यावरून उठून खुर्चीवर जाऊन बसली. एवढा मान तिला आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि तोही फुकटात.

दुसऱ्या खेपेला ती तयारीत होती. पाहुणे पुन्हा गुरुवारीच आले. रीतीप्रमाणे सगळं वाढवून आणलं होतं: पाव दुप्पट, टर्की दोन, ड्रम दोन, दोन्हींना माळा. तिनं लाल रुमाल नव्यानं बांधला, दांड्यापुढे ताठ उभी राहिली आणि असं काही "नाही" म्हणाली की झाडावरची पाखरं उडाली. सेरापियोबाबाचे डोळे भरून आले. एलोदियाला आतली गोष्ट आता कळली होती, ती शेडमागे जाऊन पोट धरून हसली. पिकअप वळणाआड गेल्यावर ती बाहेर आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "झकास. आता पुढच्या गुरुवारी तीन ड्रम येतील. आणि तेव्हा तुला हो म्हणायचंय."

सिल्वेरियाबाईच्या चेहऱ्यावरचा सगळा मान जागच्या जागी उतरला.

खरंच की. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर लग्न मोडलं, कायमचं. हो म्हटलं तर तीन ड्रम दांड्याच्या वर. आणि दांड्याच्या वर तीन ड्रम गेले तर फिदेन्सियो तासाभरात चौथा घेऊन येणार, त्याच्या मागे खाणीचे टँकर. ओब्दुलिया म्हणाली, त्यात काय, मी फोन करून सांगते, ड्रम आणू नका.

"आणि काय सांगशील? अमुक आणा, तमुक आणू नका? मागण्याच्या सामानाची आपण यादी द्यायची? भिकारी आहोत आपण?"

"मग ड्रम नाक्यावर ठेवू दे त्यांना."

तेही जमत नव्हतं. मागण्याचं सामान मुलीच्या घरात पोचावं लागतं. रस्त्यात ठेवून घेतलं म्हणजे अर्धं नाकारलं. आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. आता खरं सांगायचं तर आधीचे दोन नकार मुलीसाठी नव्हते, डिझेलसाठी होते, हेही सांगावं लागणार. म्हणजे पलीकडच्या डोंगरात शिन्कांची जी काही अब्रू नव्यानं उभी राहिली होती, ती पुन्हा आडवी. सिल्वेरियाबाईला स्वच्छ दिसत होतं की तिच्या अख्ख्या जमातीची इज्जत तीन ड्रमांवर तोलून धरलेली आहे.

तिनं पाळी बदलून मागितली. एकही बाई तयार होईना. असा गुरुवार सोडतं कोण? देवापुढे मेणबत्ती लावली. देवानंही पाळी बदलली नाही.

मंगळवारी पहाटे ती मका वाटत होती. मनगटातून कळ निघाली, वरवंटा हातातून सुटला, आणि ती बंद गिरणीला शिव्या द्यायला लागली. देता देता थांबली. ड्रमनं वर यायचं नाही, हे गावसभेत ठरलं होतं. पण गिरणीनं खाली जायचं नाही, असं तर कुणीच कधी म्हटलं नव्हतं. तिनं हात धुतले नाहीत की काही नाही, तशीच पिठाच्या हातानं एलोदियाच्या दारात गेली.

एलोदियानं ऐकून घेतलं. "गिरणी खाली नेशील," ती म्हणाली. "आणि सामान मुलीच्या घरात पोचायला हवं, त्याचं काय?"

सिल्वेरियाबाईनं याचा विचार केला नव्हता. पण दारात उभ्या उभ्या केला. "मग घरही नेऊ."

बुधवारी लास पकायासनं जे पाहिलं ते पुढे वर्षभर बोलायला पुरलं. आधी गिरणी निघाली. इंजिन बांबूला टांगून पुरुषांनी खांद्यावर घेतलं, चाक आणि पट्टा एका गाढवावर, दळायचे दगड दुसऱ्यावर. त्यामागे सिल्वेरियाबाईचं घर: खुर्च्या, टेबल, चुलीचे दगड, भिंतीवरचं वारलेल्या नवऱ्याचं लग्नातलं छायाचित्र, संताची तसबीर, कोंबड्यांचा खुराडा कोंबड्यांसकट, आणि दाराची चौकटसुद्धा, कारण दाराशिवाय पाहुणे आत येणार कसे? फिदेन्सियो ओट्यावर बसून हसत होता, तर एलोदियानं त्याच्या डोक्यावर टेबल ठेवलं. दांड्याच्या खालच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, संध्याकाळपर्यंत चार बांबू आणि पत्रे टाकून घर उभं राहिलं आणि घराच्या पाठीला गिरणी. एका म्हातारीनं कुरकूर केली की आता दळायला रोज एवढी उतरण उतरायची का. एलोदियानं तिला तिचाच पाटा दाखवला, तेव्हा तिनं मक्याची टोपली उचलली.

गुरुवारी दोन गाड्या आल्या. पुढे पाहुणे, मागे पाव, रांजण, तीन टर्की आणि माळा घातलेले तीन ड्रम. सेरापियोबाबा उतरला. त्यानं दांड्याकडे पाहिलं, दांड्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या चौकटीकडे पाहिलं, गिरणीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याला काय कळलं, काय नाही, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाय पुसून चौकटीतून आत आला. ड्रम गडगडत आत आले आणि भिंतीशी लागले. दांडा जागचा हललाही नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळं इतकं सुरळीत झालं की सिल्वेरियाबाईला स्वतःचाच हेवा वाटला.

मग म्हातारा उभा राहिला. आधी तो आपल्या भाषेत बोलला, सावकाश, हात जोडून. कुणाला काही कळलं नाही, पण कुणी खोकलंही नाही. मग तेच त्यानं सगळ्यांना कळेल असं सांगितलं.

"विहीणबाई, आम्ही ह्या रस्त्यानं तीनदा आलो. हे तुमचं घर आहे, वर तुमचा डोंगर आहे, ही तुमची लेक आहे. त्यातलं काही आमचं नाही. म्हणून विचारायला आलोय. द्याल का?"

आता फक्त हो म्हणायचं होतं. सिल्वेरियाबाईनं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही.

ह्या रस्त्यानं गेल्या कित्येक महिन्यांत काय काय वर आलं होतं. यंत्रं आली, पोलीस आले, सुटातले साहेब आले, धमक्या आल्या. विचारायला कुणी आलं नव्हतं. हा पहिला माणूस. आणि त्यानं मागितलं होतं ते तिच्या घरातलं सगळ्यात शेवटचं उरलेलं माणूस. नाही म्हणायचं ती इतकं शिकली होती की हो कुठून काढतात ते तिला सापडेना. एलोदियानं कोपरानं ढोसलं. पुन्हा ढोसलं. सेरापियोबाबा हातातली टोपी गोल गोल फिरवायला लागला. तिसऱ्यांदा नाही आलं तर काय होतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? मासेदोनियो तर पांढराफटक पडला होता.

ओब्दुलिया चुलीपाशी उभी होती. ती आईजवळ येऊन खाली बसली.

"आई," ती हळू म्हणाली, "सगळ्यांना नाही म्हणालीस, ते बरोबरच केलंस. आता मला नाही म्हणू नकोस."

सिल्वेरियाबाईनं तिच्याकडे पाहिलं. केसात पीठ होतं पोरीच्या. तिनं ते सुजल्या हातानं झटकलं.

"हो," ती म्हणाली.

सेरापियोबाबानं कानामागे हात धरला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, की चाळीस वर्षांच्या मागण्यांत असलं हो पुन्हा मिळणार नाही म्हणून तो मुद्दाम करत होता, कोण जाणे. "काय म्हणालात, विहीणबाई?"

दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा जड गेलं. सिल्वेरियाबाई उठून उभी राहिली, लेकीचा हात घट्ट धरला, आणि वर खाणीच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो म्हणतेय. विचारलंत, म्हणून हो."